पाटील सत्तेचाळीस, टायगर आणि गणपत : फौजेतल्या नावांची गोष्ट

(दृश्य : कोल्हापूर रेल्वे स्टेशन. फलाटावर काळी लोखंडी ट्रंक.)

सुट्टीवर आलेल्या जवानाची ट्रंक लांबूनच ओळखू येते. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं असतं : आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, खाली पलटण. नाव नंबरानंतर येतं, आणि त्याला कारण आहे.

चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड, शिरोळ या पट्ट्यातली पोरं पिढ्यानपिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होत आलीत. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर लोक 'सैनिक टाकळी' असंच म्हणतात. मग एकेका कंपनीत पाटील, जाधव, शिंदे, चव्हाण यांची दाटी होते. गावात 'खालच्या आळीचा पाटील' म्हटलं की भागतं. पलटणीत खालची आळी नाही. तिथं नंबराचे शेवटचे दोन आकडे आडनावाला चिकटतात. पाटील सत्तेचाळीस. पाटील बारा. फॉलइनला म्हणजे हजेरीच्या रांगेत, लंगरला म्हणजे जेवणाच्या ठिकाणी, ड्युटीच्या तक्त्यावर तेच चालतं.

(दृश्य : ट्रंकेवरचा नंबर, अगदी जवळून.)

या नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर दिसतंय, ते शोभेसाठी नाही. आधीच्या आकड्यांवरून गणित करून ते ठरतं. कारकुनानं एखादा आकडा चुकीचा उतरवला तर अक्षर जुळत नाही आणि चूक तिथंच पकडली जाते.

नुसत्या नावावर राहिलं की काय होतं, ते कारगिलनं दाखवलं. १९९९ मध्ये टायगर हिलवरच्या लढाईसाठी १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्र सिंग यादव यांना परमवीरचक्र जाहीर झालं, तेही मरणोत्तर. प्रत्यक्षात ते इस्पितळात उपचार घेत होते. हुतात्मा झाला होता त्याच पलटणीतला, त्याच नावाचा दुसरा जवान.

नंबर माणसाला वेगळा काढतो, टोपणनाव त्याला पलटणीत सामावून घेतं. मराठा जवानाला फौजेत कुठंही गेलं तरी 'गणपत' म्हणतात. पलटणींनाही स्वतःची नावं आहेत : पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण, दुसरी म्हणजे काळी पाचवी. दुसऱ्या पलटणीला 'पाचवी' कसं म्हणतात, असं नव्या रंगरुटाला वाटतंच. पण मुंबईच्या जुन्या पायदळात तिचा क्रमांक पाच होता. नंतर क्रमांक बदलत गेले, पलटणीनं नाव सोडलं नाही. २१ मराठाचं रूपांतर पुढं २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये झालं. त्या पलटणीचं नाव 'वाघनख'.

आणि एक नाव तर थेट कोल्हापूरचं. प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, १०९ वी मराठा पलटण याच शहरात आहे. मराठा रेजिमेंटची युद्धगर्जना शिवछत्रपतींच्या नावाची, पण प्रादेशिक सेनेच्या मराठा पलटणींची गर्जना आहे 'टेंबलाई माता की जय'. ललिता पंचमीला जिथं कोहळा फुटतो, त्या टेकडीवरची देवी जवानांच्या ओठांवर आहे. याचा अभिमान या शहरानं उघडपणे मिरवावा.

(दृश्य : पाठीवर रेडिओ सेट घेतलेला ऑपरेटर.)

आता सेटवरचं नाव, म्हणजे कॉल साइन. इथं सगळंच उलटं. टोपणनाव माणसाबद्दल काहीतरी सांगतं. कॉल साइननं काहीही सांगायचं नसतं, फक्त चुकता कामा नये.

चूक कुठून येते? रेडिओ सेट आपला सगळा आवाज पुढं नेत नाही. साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढीच पट्टी जाते. स, श, फ यांचा फुत्कार बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून तो गळतो. मराठीतले आकडे घ्या. सहा आणि दहा. वीस आणि तीस. सात आणि साठ. वाऱ्यात, गोळीबारात, धापा टाकत बोलताना यातला फरक उरतच नाही. त्यामुळं सेटवर संख्या एकेक आकडा सुटा करून सांगतात. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही शब्दमाला वापरतात. ती १९५६ पासून चालू आहे. त्यात इंग्रजी नऊला 'नाइनर' म्हणतात, कारण 'नाइन' आणि 'फाइव्ह' सेटवर सारखेच ऐकू येतात.

दुसरी खोड बटणाची. बटण दाबल्या दाबल्या बोलायला सुरुवात केली की पहिलं अक्षर कापलं जातं. 'नागराज' म्हणाल, पलीकडं 'गराज' पोचेल. म्हणून बटण दाबून एक सेकंद थांबायचं, मग बोलायचं. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, नंतर आपलं. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, तुमच्या उत्तराची वाट बघतोय. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकत्र बोलणं चूकच, मग पडद्यावर कितीही वेळा ऐकलेलं असो. आणि नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं, 'रिपीट' कधीच नाही. तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे त्याच ठिकाणी पुन्हा मारा.

नेट म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या सेटांचं जाळं. नेटवरची दोन नावं एकमेकांच्या जवळची नकोत. 'वाघ' आणि 'नाग' एकाच नेटवर ठेवले की गोंधळ ठरलेला. हुद्द्यांनाही वेगळी नावं असतात : ब्रिटिश परंपरेत कमांडर म्हणजे 'सनरे', आपल्याकडं 'टायगर'.

ही नावं बदलत राहावी लागतात, कारण शत्रूही ऐकत असतो. तेच नाव, तोच आवाज रोज आला की कोण कोणाला हुकूम देतो याचं चित्र त्याच्यापुढं उभं राहतं. नेटवर कुणी 'पाटील साहेब' म्हणून गेलं, तर समोर मराठ्यांची पलटण आलीय हे त्यानं फुकटात सांगितलं. कॅप्टन विक्रम बात्रा यांचं 'शेरशाह' हे नाव १९९९ मध्ये पाकिस्तानी सैनिकांपर्यंत पोचलं होतं. ते सेटवर त्यांना नावानं डिवचत. पॉइंट ५१४० हे शिखर जिंकल्याचा बात्रांचा संकेत होता 'ये दिल मांगे मोर'. यशाचा संकेत निवडायचा तो असाच : लहान, आणि चुकूनही दुसऱ्या कारणानं नेटवर येणार नाही असा.

(दृश्य : कागदपत्रांची पिशवी, डिस्चार्ज बुक.)

निवृत्तीनंतर यातलं एकही नाव कामाला येत नाही. उरतं ते कागदावरचं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातली घरं अडतात ती इथंच. आपल्याकडं लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत. जवानाच्या रेकॉर्डला तिचं लग्नाआधीचं नाव लागलेलं असतं, आधारकार्डावर सासरचं. जवान गेल्यावर कुटुंब पेन्शनचा अर्ज होतो तेव्हा दोन नावं समोरासमोर येतात आणि एका विधवेला प्रतिज्ञापत्रं, दाखले, हेलपाटे सुरू होतात.

नोकरीत असतानाच हे दुरुस्त होतं. आधार, बँक पासबुक आणि सर्व्हिस रेकॉर्ड शेजारी ठेवून बायकोमुलांच्या नावाचं एकेक अक्षर आणि जन्मतारीख ताडून बघायची. फरक दिसला की युनिटच्या ऑफिसात अर्ज देऊन पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधल्या बदलाचा अधिकृत आदेश, काढून घ्यायची, आणि ती बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात चढल्याची खात्री करून तिची प्रत घरी ठेवायची. निवृत्त झालेल्यांनी डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावं. जाताना पत्नीला सोबत न्यावं, आणि कुठल्या कागदावर तिचं कुठलं नाव आहे ते आधी लिहून काढावं.