कोरमअभावी तहकूब

नमस्कार, श्रोते हो. मी एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात झाली, थोडी सुरगाण्याच्या डोंगरात, बरीचशी निफाडच्या द्राक्षपट्ट्यात. त्यामुळे लोकशाही म्हटलं की मला दिल्लीची संसद आठवत नाही, सह्यांचं रजिस्टर आठवतं.

शाळेत आपण प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लोकशाही शिकतो. प्रत्यक्ष लोकशाही म्हणजे जुनं अथेन्स, तिथले नागरिक एकत्र जमून हात वर करून निर्णय घ्यायचे. बायकांना आणि गुलामांना तो हात नव्हता, हे आपण एका ओळीत उरकतो. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतात आजही मे महिन्यात लोक उघड्यावर जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. आपला देश मोठा, म्हणून आपण प्रतिनिधी निवडतो. एवढं लिहिलं की दोन मार्क मिळतात.

पण हे उत्तर अर्धंच आहे. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्याला निवडून यावं लागत नाही, फक्त यावं लागतं. घोडं तिथंच पेंड खातं.

कायद्याने ग्रामसभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागतो मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी असेल तो. माझ्या गावात अठराशे मतदार, म्हणजे शंभर माणसं हवीत. 26 जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, की माणसं पांगायची. द्राक्षांची काढणी चालू, व्यापाऱ्याची गाडी बागेत उभी, सभेला थांबतंय कोण? मग आम्ही लिहायचो, ‘कोरमअभावी सभा तहकूब.’ आता यातली मेख ऐका. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला कोरमची अट नसते. बारा-पंधरा माणसं जमली तरी गावाचा आराखडा मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते.

काही वेळा तर आम्ही सभा तहकूबही करायचो नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर हिंडायचा आणि संध्याकाळपर्यंत शंभर भरायचे. हे मी आज सांगतोय, तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

एकदा मात्र एक आजी आल्या. नऊवारी, हातात पिशवी, थेट पुढच्या सतरंजीवर बसल्या. मी ऐनवेळच्या विषयांवर आलो तशा म्हणाल्या, “भाऊसाहेब, मागच्या सभेचं वाचा की.” मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं, हा पहिलाच विषय असतो. आम्ही तो ‘वाचला असे समजून’ पुढे जायचो. त्या दिवशी वाचावं लागलं. घरकुलाची यादी आली, आजींचं नाव त्यात नव्हतं. त्यांनी रजिस्टर मागितलं, नातवाकडून पान उलटून घेतलं आणि विचारलं, “मी तर त्या दिवशी लेकीकडं पिंपळगावला होते. मग हा अंगठा कुणाचा?”

सभेत कुणी खोकलंसुद्धा नाही. शिपायाने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

शहरातल्या श्रोत्यांना वाटेल, हे गावाकडचं झालं. मी आता नाशिक शहरात, सिडकोत राहतो. नाशिक महापालिकेची मुदत 2022च्या मार्चमध्ये संपली आणि नंतर कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. गावात निदान सतरंजी तरी अंथरली जाते, इथं अंथरायला जागा नाही. नगरसेवक असला की आपण त्याला फोन करतो, आणि यालाच सहभाग समजतो.

बरं, सभेत हात वर करूनही काम पुढे सरकलं नाही तर? 6 मार्च 2018ला नाशिकच्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, शेतकऱ्यांच्या लाल टोप्यांची रांग मुंबईकडे निघाली, ती तुम्हाला आठवत असेल. सुमारे 180 किलोमीटर चाल. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची माणसं त्यात खूप होती, आणि वनहक्क, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क, ही त्यांची मोठी मागणी होती. वनहक्काचा दावा मुळात ग्रामसभेतच सुरू होतो, तिथून उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. वरच्या टेबलावर कागद अडकला की खालच्याने किती सभा घ्यायच्या? शेवटी पाय वापरावे लागतात. दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको, म्हणून ही माणसं मुंबईत रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचली. ते ऐकलं आणि मला सतरंजीवरच्या आजी आठवल्या.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. फलकावर लागते, आता व्हॉट्सअ‍ॅपवरही येते, ‘सर्वांनी उपस्थित राहावे’. खाली वीस-पंचवीस जण हात जोडल्याचं चित्र टाकतात.

आजींचं पुढे काय झालं म्हणाल, तर पुढच्या मे महिन्यात शिपाई रजिस्टर घेऊन त्यांच्या ओट्यावर गेला. त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ठेव ते ऑफिसात. मी येते तिकडं.”