लॉगिननंतर ओळख ठेवायची कुठे?

पडद्यावर दोन टर्मिनल दिसताहेत. एकात रिअ‍ॅक्टचा फ्रंटएंड, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी बाजू, सुरू आहे, लोकलहोस्ट (आपलंच मशीन) ३००० वर. दुसऱ्यात जँगोचा बॅकएंड, म्हणजे सर्व्हरची बाजू, ८००० वर. मशीन एकच, पण पोर्ट वेगळे म्हणून ब्राउझरच्या लेखी ही दोन वेगळी ओरिजिन, म्हणजे दोन वेगळे उगम-पत्ते. लॉगिनची खरी गुंतागुंत इथून सुरू होते.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही. आत्ताच पासवर्ड तपासला, तरी पुढची रिक्वेस्ट कोणाची हे सर्व्हरला कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी यावर कुकीचा तोडगा काढला: सर्व्हरने एक खूण द्यायची, ब्राउझरने ती दर खेपेला परत दाखवायची. २०१५ मध्ये जेडब्ल्यूटी टोकन, म्हणजे सही केलेली ओळखीची चिठ्ठी, प्रमाणित झालं. त्यातला मजकूर सहसा कोणालाही उलगडून वाचता येतो. फेरफार केला तर मात्र सही जुळत नाही.

हे टोकन लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टला वाचता येणाऱ्या ब्राउझरमधल्या साठवणीत ठेवा, असं कितीतरी ट्यूटोरियल सांगतात. सोपं आहे, चालतंही. पण एखाद्या एनपीएम पॅकेजमधून (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडमधून) पानात शिरलेली परकी स्क्रिप्ट ते एका ओळीत उचलून बाहेर धाडू शकते. लोक विश्वासाने पासवर्ड देतात. त्यांची ओळख अशी उघड्यावर टाकणं मला अजिबात पटत नाही.

त्यापेक्षा ओळख कुकीत ठेवू. आता ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब पाहा. लॉगिनच्या उत्तरात सेट-कुकीची ओळ आली आहे. तिच्या शेवटी तीन शब्द: एचटीटीपीओन्ली, सिक्युअर, सेमसाइट लॅक्स. पहिल्यामुळे जावास्क्रिप्टला ही कुकी वाचताच येत नाही. परकी स्क्रिप्ट पान उघडं असेपर्यंत उपद्व्याप करेलही, पण ओळख घेऊन पळणार नाही. दुसऱ्यामुळे कुकी एचटीटीपीएसवरूनच जाते. तिसऱ्यामुळे दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्ट रिक्वेस्टसोबत ती जात नाही. म्हणूनच प्रत्यक्ष साइटवर दोन्ही बाजू एकाच डोमेनखाली ठेवाव्यात.

कुकी दुसऱ्या ओरिजिनकडे जावी म्हणून फेचमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या जावास्क्रिप्ट फंक्शनमध्ये, क्रेडेन्शियल्स ‘इन्क्लूड’ करा. बॅकएंडच्या कॉर्स सेटिंगमध्ये (कोणत्या ओरिजिनला उत्तर वाचू द्यायचं ते इथे ठरतं) क्रेडेन्शियल्सना परवानगी द्या आणि फ्रंटएंडचा नेमका पत्ता लिहा. तिथे ‘कोणीही’ या अर्थाची नुसती चांदणी (*) चालत नाही.

आणि फ्रंटएंडवर बटण लपवलं म्हणजे दार बंद झालं, असं नाही. कर्लने, म्हणजे टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने, थेट बॅकएंडचा एपीआय गाठा, कुकीशिवाय. ४०१, म्हणजे ‘ओळख पटलेली नाही’ असं उत्तर आलं पाहिजे. मग स्वतःच्या कुकीसह दुसऱ्याच्या ऑर्डरचा क्रमांक घाला. त्याची ऑर्डर दिसली, तर बॅकएंडचं काम अजून अपुरं आहे.