सुझनबाई कुणाशी बोलत होत्या?

साल १९३७. साउथ कॅरोलिनातलं चार्ल्स्टन शहर. शंभरीच्या घरातल्या सुझन हॅमलिनबाईंकडे एक गोरी बाई वही घेऊन आली. मंदीत बेकार झालेल्या लेखकांना काम मिळावं म्हणून अमेरिकी सरकारने एक योजना काढली होती. त्या योजनेतली मंडळी १९३६ ते १९३८ या काळात एकेकाळच्या गुलामांच्या आठवणी टिपत फिरत होती. तेवीसशेहून अधिक माणसं बोलली. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती, त्यामुळे बहुतेक जण ऐंशीच्या आसपासचे किंवा पुढचे.

सुझनबाईंनी पाहुणीला सांगितलं, आमचे मालक फार चांगले होते, त्यांच्या घरचेही चांगले. पाहुणी सरकारी मदतीच्या कचेरीतून आली आहे, अशी त्यांची समजूत झाली होती.

त्याच योजनेतला एक काळा मुलाखतकारही त्यांच्याकडे गेला. त्याच्याशी बोलताना चाबूक आला, विकली गेलेली माणसं आली. एका मुलीचं रात्री लग्न लागलं आणि सकाळी मालकाने तिला विकून टाकलं. तिची आई भररस्त्यात उभी राहून गोऱ्या मालकिणीला शिव्या घालत होती. बाई तीच, शहर तेच. नोंदीत आडनाव मात्र एकीकडे हॅमलिन, दुसरीकडे हॅमिल्टन.

पहिल्या मुलाखतीला खोटं म्हणायला माझं मन धजत नाही. जिची चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटते, ती म्हातारी आणखी काय बोलणार? शिवाय ते दिवस गोऱ्या जमावांनी काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारण्याचे होते. आणि मुलाखत घेणारे बहुतेक गोरेच, काही तर त्याच भागातले.

या आठवणींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. रात्री चोरून प्रार्थनेला जमायचं, आणि दाराशी लोखंडी भांडं उपडं ठेवायचं. आवाज त्या भांड्यात अडकतो, गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्तवाल्यांपर्यंत पोचत नाही, अशी श्रद्धा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. ज्यांनी देवाशी बोलतानासुद्धा आवाज भांड्याखाली झाकला, त्यांनी दारात आलेल्या अनोळखी माणसाला सगळं सांगावं, ही अपेक्षाच केवढी मोठी!

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका आपण अभिमानाने वाचतो. त्याच वर्षांत मुक्त झालेली माणसं जुन्याच मालकांची जमीन वाट्याने कसत होती, आणि हंगाम संपला की मालकाच्याच वहीतलं कर्ज उरत होतं.

फाउंटन ह्यूज या एकेकाळच्या गुलामाचा तर प्रत्यक्ष आवाज ऐकायला मिळतो. १९४९ मध्ये बाल्टिमोरला ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ते आपलं वय एकशे एक सांगत होते. त्यांचे आजोबा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचे गुलाम. पायात जोडा आला तो बाराव्या-तेराव्या वर्षी. मुक्ती मिळाली तेव्हा ना घर होतं ना दार, गुरं मोकाट सोडावीत तसं आम्हाला सोडून दिलं, असं ते सांगतात. पुन्हा गुलाम व्हायची वेळ आली तर बंदूक घेऊन स्वतःला संपवीन, असंही म्हणतात. आणि मग एके ठिकाणी आवरतात. याबद्दल बोलायला मला आवडत नाही, लोकांना वाईट वाटतं. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण आता जास्त सांगणार नाही.