कागदात गुंडाळलेली बाटली

नमस्कार श्रोते हो.

एका रेड वाइनच्या बाटलीला दहा-बारा हजार रुपये मोजावेत का, याविषयी आज बोलायचंय. माझं मत आधीच सांगतो. किंमत झाकून चाखा आणि घाई न करता चाखा. दोन्ही पाळलं नाही, तर त्या पैशांचा हिशेब लागत नाही.

किंमत कशासाठी झाकायची? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. एकच वाइन लोकांना दोनदा दिली. एकदा 10 डॉलरची म्हणून, एकदा 90 डॉलरची म्हणून. नव्वदची जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाशी जोडलेला भागही तेव्हा जास्त जागा झालेला दिसला. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना ती खरोखरच चांगली लागत होती. म्हणून म्हणतो, किंमत झाकायची.

आता आमच्या एरंडवण्यातल्या एका संध्याकाळची गोष्ट ऐका. माझा मावसभाऊ फ्रान्सहून येताना लँच-बाज घेऊन आला. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशातल्या पोयाक गावची ही रेड वाइन, तिथल्या नामांकित वाइनच्या 1855 च्या यादीत पाचव्या श्रेणीतली. ती यादीही तिथल्या दलालांनी मुख्यतः बाजारभाव पाहूनच केली होती, बरं का! मी जोडीला नाशिकची कॅबरने, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची रेड वाइन नेली, हजाराच्या आतली. पुतणीनं दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर एक आणि दोन असे आकडे घातले. कुठली कुठली, हे फक्त तिलाच ठाऊक.

मी ट्यूबलाइट लावायला सांगितली. हल्ली पुण्यातल्या नव्या घरांत छताआड लपवलेले पिवळे दिवे असतात. त्यात वाइनचा रंग दिसत नाही, पुस्तक वाचता येत नाही, समोरच्याचा चेहराही नीट दिसत नाही. घरात उजेड हवा, भरपूर हवा.

पहिला घोट घेतला आणि सगळ्यांनी एक नंबरला कौल दिला. जांभळासारखी रसाळ, लगेच आवडावी अशी. दोन नंबर तुरट, जिभेवर कोरडी. मावसभाऊ म्हणाला, "ठरलं तर मग, एक नंबरच फ्रान्सची."

वहिनी मात्र गप्प होत्या. वहिनी गोडा मसाला घरी करतात. दगडफूल चिमूटभर जास्त पडलं तर नुसत्या वासावरून सांगतात. त्यांनी दोन नंबरचा ग्लास फिरवला, पुन्हा हुंगला आणि मला म्हणाल्या, "भावोजी, ही अजून मिटलेली आहे. थांबा जरा."

थांबलो. दोन नंबर काचेच्या सुरईत ओतून ठेवली. द्राक्षांच्या साली-बियांतून येणारा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, फार जुनी न झालेल्या बोर्दो वाइनमध्ये भरपूर असतं. हवा लागली की वास मोकळा होतो आणि घोटही मवाळ वाटू लागतो. तासाभरानं मटणाचं सुकं ताटात आलं. वहिनींनी पुन्हा हुंगलं आणि म्हणाल्या, "पेन्सिलीला टोक काढताना येतो ना, तो वास!" आणि खरंच, देवदाराच्या लाकडाचा तो वास आम्हा सगळ्यांना आला. पोयाकच्या वाइनची ही ओळख जाणकार सांगतात. वहिनींना ती कुणीच सांगितली नव्हती. मटणाबरोबर तुरटपणा विरला. चव घोट गिळल्यावरही रेंगाळत होती. एक नंबर सुरुवातीला होती तशीच छान होती. दोन नंबर मात्र दर वेळी निराळी लागत होती. कागद काढले. दोन नंबर लँच-बाज.

मग किमतीप्रमाणे ती चवीलाही बारा पट चांगली होती का? नाही. वाइन बारा पट चांगली होऊच शकत नाही. त्या किमतीत मोजकी जमीन, ओकच्या पिंपात साधारण दीड वर्ष मुरवणं आणि नावाचा दबदबा, सगळंच आलं. भारतात घ्याल तर त्यावर आयात कर. कितीतरी वर्षं तो 150 टक्के होता.

तरीही चौघांनी मिळून घेतली, दोन-अडीच तास दिले, समोर चांगलं जेवण असलं, तर मी ते पैसे देईन. उभ्या-उभ्या पार्टीत फोडायची असेल, तर नाशिकचीच घ्या. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात कुठलीही रेड आधी फ्रिजमध्ये ठेवून थोडी गार करा. ती 16 ते 18 अंशांना खुलते. पुण्यातल्या दुपारी कपाटात ठेवलेल्या बाटलीतून नुसता अल्कोहोल नाकात जातो.