आधी टायर, मग शॉकअप

[दृश्य : वेताळ टेकडी, पुणे. नवी माउंटन बाइक. टायरवर रबराचे बारीक केस अजून तसेच.]

नव्या माउंटन बाइकच्या टायरात बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त हवा भरलेली असते. कडक टायर डांबरावर छान पळतो. पण टेकडीवर खाली बेसाल्टचा कातळ, वर सुटा मुरूम आणि पावसाने उघडे पाडलेले दगड. इथे कडक टायर पकड घेत नाही, उडतो. हँडल मनगटांना हाणतं आणि मालक वैतागून म्हणतो, "शॉकअपच बेकार आहे."

हा आळ बहुतेकदा खोटा असतो. दगडाचा धक्का आधी टायर झेलतो. शॉकअपची पाळी त्यानंतरची. टायर दगडासारखा टणक ठेवून शॉकअपचे खटके फिरवत बसणं म्हणजे उगाच घाम गाळणं.

ही गाडी २९ इंची. टायर २.४ इंच रुंद, ट्यूबलेस. चालवणारा हेल्मेट, पाठपिशवी, पाणी धरून साधारण ७५ किलोचा. टायरच्या कडेला छापलेला दाबाचा सर्वांत मोठा आकडा ही कमाल मर्यादा. तिथपर्यंत भरायचं नसतं. सुरुवात पुढे २२, मागे २५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). मागे जास्त, कारण वजन मागे जास्त पडतं.

[दृश्य : तोच उतार, पुन्हा पुन्हा.]

एकच उतार धरायचा आणि दर फेरीला एकेक पीएसआय कमी करायचा. वळणावर टायर रिमखाली लोळतोय असं वाटलं, किंवा दगडावर रिम 'टक्' वाजली, की समजायचं, फार खाली आलो. तिथून एक-दोन वर. ट्यूब असेल तर एवढं खाली येऊच नये. दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. चार-पाच पीएसआय जास्त ठेवलेले बरे.

पायपंपाच्या काट्यावर २२ आणि २५ यांतला फरक धड दिसत नाही. त्यामुळे वेगळा डिजिटल गेज हवा, आणि दर वेळी तोच हवा. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत भरलेला टायर दुपारी ३० अंशांत दोनेक पीएसआयने चढतो, हेही ध्यानात असू द्यावं.

[दृश्य : फोर्कच्या नळीवरचं रबरी कडं.]

आता शॉकअप. पुढच्या चाकाचा शॉकअप म्हणजे फोर्क. दुकानात हँडल दाबून "मऊ आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. पाहायचा असतो सॅग, म्हणजे नुसत्या आपल्या वजनाने फोर्क किती बसतो ते. सगळा जामानिमा अंगावर चढवून पेडलवर उभं राहायचं, रबरी कडं खाली सरकवायचं, अलगद उतरायचं. एकूण १४० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कला २० टक्के म्हणजे २८ मिलिमीटर. जास्त बसला तर हवा भरा, कमी बसला तर सोडा. त्यासाठी शॉकअपचाच छोटा पंप लागतो. भरल्यावर फोर्क चार-पाचदा दाबायचा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो. पंप काढताना फुस्स होतं ते पंपाच्या नळीतलं. घाबरून पुन्हा भरू नका. मागच्या शॉकअपचंही तसंच, फक्त सॅग ३० टक्क्यांपर्यंत.

स्वस्त गाडीत हवेऐवजी स्प्रिंगचा फोर्क असतो. वरची प्रीलोडची चकती स्प्रिंगला कडक करत नाही, फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवते. अशा गाडीवर तर टायरच सगळं.

राहिला रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत येतो ते. बहुतेक फोर्कना याची फिरकी लाल असते. पूर्ण बंद करून उलटे खटके मोजायचे. फार सावकाश ठेवला तर लागोपाठच्या दगडांवर फोर्क वर यायच्या आत पुढचा दगड येतो, आणि तो खाली खालीच बसत जातो. फार चपळ ठेवला तर चाक उसळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा लिहून ठेवायचा. दोन बदल एकदम केले, तर फरक कशाने पडला ते देवालाच ठाऊक.

सॅग बरोबर असूनही फोर्क खाडकन तळाला लागत असेल, तर हवा वाढवू नका, नाहीतर सॅग बिघडेल. आत एक स्पेसर, म्हणजे हवेची जागा कमी करणारा तुकडा, टाका. सुरुवातीची मऊ चाल तशीच राहते, शेवटचा टप्पा कडक होतो.

टायरातलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, मात्र पुण्याच्या उन्हाळ्यात लवकर वाळतं. दोन-तीन महिन्यांनी ते तपासलं नाही, तर रात्रीतून हवा उतरते आणि सकाळी गेज भलताच आकडा दाखवतो.