बोट ठेवण्याआधी

मंडळी, देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्यानंतर रेशन, निराधारांचं अनुदान, बँक असं एकेक करून सगळं बोटाच्या ठशावर आलं. माझा आग्रह एवढाच आहे की, बोट आपण कशासाठी ठेवतोय हे त्या माणसाला तिथल्या तिथे कळलं पाहिजे. आज ते कळत नाही, कारण स्क्रीन असते समोरच्याकडे.

बँक मित्राकडे, म्हणजे गावात बँकेच्या वतीने व्यवहार करणाऱ्याकडे, आधारवरून पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहारात 10,000 रुपयांपर्यंत निघतात. शिल्लक बघायची असली तरी त्याच यंत्रावर बोट तसंच ठेवायचं. म्हणजे ‘शिल्लक बघतो’ म्हणून घेतलेल्या ठशावर पैसेही काढता येतात. दुसरा प्रकार याहून साधा. ‘सर्व्हर डाऊन आहे आजी, परत लावा.’ व्यवहार दोन होतात, हातात पैसे एकदाच पडतात. मेसेज येतो खरा, पण खात्याला जोडलेला मोबाईल मुलासोबत सुरतला गेलेला असतो.

दर वेळी मात्र लबाडीच असते असं नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे मध्येच रेंज गेली की खात्यातून रक्कम वजा होते आणि यंत्रावर व्यवहार अडकतो. अशी रक्कम पाच दिवसांत परत जमा झाली पाहिजे. नाही झाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. म्हणून फेल झालेल्या व्यवहाराचीही पावती मागा. पावतीवरच्या नंबराशिवाय बँकेत तक्रार पुढे सरकत नाही.

आता बोटांचं. कापूस वेचून, केळीच्या चिकात काम करून बोटांच्या रेषा झिजतात. ठसा जुळत नसेल तर हात धुऊन कोरडे करा, दुसरं बोट लावून बघा. तरीही जुळला नाही, तर रेशन नाकारता येत नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना तशा स्पष्ट सूचना दिल्या आहेत. ‘मशीन घेत नाही’ हे ऐकून बाई रिकामी पिशवी घेऊन घरी जाते, तेव्हा तिचा हक्क यंत्राने नव्हे, माणसाने नाकारलेला असतो. हे मला फार गंभीर वाटतं.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उतरवून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याची प्रकरणं देशात उघडकीला आली आहेत. यावर उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. एम-आधार ॲपमध्ये किंवा आधारच्या पोर्टलवर ओटीपी टाकून ते लावता येतं. मग ठसा कुठेच चालत नाही, रेशन दुकानातही नाही. गरजेपुरतं दहा मिनिटांसाठी उघडता येतं. अडचण अशी की ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर येतो. तो नंबर बंद पडलेला किंवा दुसऱ्याचा असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. पोर्टलवर मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही दिसतं.

पैसे गेलेच तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेत लेखी अर्ज, आणि अर्जाची पोच. चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही. चौथ्या दिवसापासून काही भार तुमच्यावर येऊ शकतो.

इथे सीएससी, म्हणजे गावातली ऑनलाइन सेवा केंद्रं, चालवणारी पोरं बसली आहेत, त्यांना सांगतो. बोट घेण्याआधी स्क्रीन ग्राहकाकडे वळवा. रक्कम मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या आजीला विचारा, ‘दोन हजार काढायचे ना?’ तिने हो म्हटल्यावरच यंत्र पुढे करा, आणि पावती तिच्या पासबुकात ठेवून द्या.