अंगठी आधी, मासा नंतर

नमस्कार मंडळी! कथा लिहायची म्हटलं की हल्ली कुणीतरी लगेच ती डोंगरासारखी आकृती काढून देतं, चढण, शिखर, उतार, गुस्टाव फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये नाटकांसाठी मांडलेली. वाईट नाहीये, पण ती समोर ठेवली की आपण रकाने भरत बसतो आणि गोष्ट राहते बाजूला. भरताच्या नाट्यशास्त्रात पण पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, आहेत, मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण, पण नुसती नावं पाठ करून काय होणार! त्यापेक्षा कालिदासाचं शाकुंतल उघडा.

गोष्ट मुळात महाभारतातली, आणि तिथे दुष्यंत राजाला शकुंतलेशी केलेलं लग्न, सगळं आठवत असतं बरं का. भर सभेत तो मुद्दाम तिची ओळख नाकारतो, आकाशवाणी झाली की म्हणतो, मला माहीत होतं, लोकांना संशय नको म्हणून असं केलं. असल्या नायकाला प्रेक्षक कशाला माफ करतील? तिथे ना शाप आहे ना अंगठी, कालिदासाच्या नाटकात दोन्ही आहे.

आणि शाप कुठे टाकलाय बघा, चौथ्या अंकाच्या अगदी सुरुवातीला. शकुंतलेच्या सख्या फुलं तोडतायत आणि पडद्यामागून दुर्वासांचा आवाज येतो, ज्याच्या विचारात तू हरवलीस तो तुला विसरेल, ऋषी स्टेजवर येतच नाहीत! प्रियंवदा धावत जाते, पाया पडते, ओळखीचा दागिना दाखवला की शाप सुटेल एवढं पदरात पाडून घेते. मग दोघी ठरवतात, शकुंतलेला सांगायचं नाही, बिचारी नाजूक आहे. सगळं नाटक या एका निर्णयावर उभंय हो! निघताना तिला एवढंच सांगतात की राजाने पटकन ओळखलं नाही तर त्याने दिलेली अंगठी दाखव. खरं कळलं असतं तर तिने ती जिवापाड जपली असती. आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही, म्हणून पाचव्या अंकात ती रिकामं बोट चाचपते तेव्हा आपल्याच पोटात गोळा येतो.

सहाव्या अंकात ती वाटेत पाण्यात पडलेली अंगठी रोहू माशाच्या पोटात सापडते, आता हा योगायोगच, पण चालून जातो, कारण त्याने काही सुटत नाही, राजाला आठवतं खरं पण शकुंतला आहे कुठे? नुसता पश्चात्ताप सुरू.

तर तुमच्या कथेतल्या प्रसंगांच्या चिठ्ठ्या करा आणि शेवटाकडून मागे या. एक चिठ्ठी उचला, पुढचं काही अडतंय का बघा, नसेल अडत तर तो प्रसंग कितीही झकास लिहिला असला तरी गेला. फक्त घाई नको. पहिल्या अंकातला भुंगा शोभेचा वाटतो ना? पण त्याने शकुंतलेला सतावलं म्हणून राजाला झाडाआडून बाहेर यायला निमित्त मिळालं, आणि सहाव्या अंकात राजा चित्रातल्या भुंग्याला खरा समजून दम देतो, म्हणजे एकच भुंगा पठ्ठ्याने दोनदा कामाला लावलाय!